शब्द भेटतो तेव्हा त्याच्यासोबत कोण असतं? (रोजचं वाचन, टीव्ही आणि शब्दसंपत्ती)

वहीतलं_पान

गेली सहा वर्षं मी शब्दांची एक वही ठेवतो आहे. वर्तमानपत्रात, पुस्तकात, टीव्हीवरच्या बातम्यांत किंवा एखाद्या मुलाखतीत वेगळा शब्द कानावर आला की तिच्यात उतरवायचा. पहिली दोन वर्षं मी ती चुकीच्या पद्धतीने भरली, आणि ती चूक आणखी कोणी करत असेल तर त्याची दोन वर्षं वाचावीत म्हणून हा धागा काढतो आहे.

तेव्हा डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला अर्थ असं लिहायचो. सातशेच्या वर शब्द जमले. एका रविवारी उजवी बाजू झाकून स्वतःची परीक्षा घेतली, तर अर्थ बरेच आठवले. पण त्यातले किती शब्द मी महिनाभरात बोलताना किंवा लिहिताना वापरले, याचा विचार केला तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही निघाले नाहीत. वही भरत होती, भाषा होती तिथेच होती.

त्याच सुमारास एका सहकाऱ्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी बोललो, "तुमच्या अपरोक्षही आम्ही ही शिस्त पाळू." कार्यक्रम संपल्यावर एका ज्येष्ठ बाईंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "अक्ष म्हणजे डोळा. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडे. अपरोक्ष म्हणजे त्याच्या उलट, अगदी डोळ्यांसमोर. वेदान्तात अपरोक्षानुभूती म्हणतात ती प्रत्यक्ष अनुभूती." मला फार वाईट वाटलं, कारण तो शब्द मी ज्या वाक्यांतून उचलला होता त्या सगळ्यांत तो 'पाठीमागे' याच अर्थाने आलेला होता. माझ्या वहीत शब्द होता आणि अर्थही होता. तो कोणत्या वाक्यातून आला, कोणी वापरला, याची मात्र काहीच नोंद नव्हती.

तेव्हापासून वहीची रीत बदलली. आता मी शब्द लिहीत नाही, ज्या वाक्यात तो भेटला ते अख्खं वाक्य लिहितो. अर्थ शेवटी, पेन्सिलीने, आणि तोही वाक्यावरून आधी स्वतः अंदाज केल्यावर.

उदाहरण देतो. 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली.' पूर्वी मी लिहिलं असतं: तहकूब = पुढे ढकललेला. आता खाली जागा सोडून ठेवली. आठवड्याभराने 'सुनावणी दोन आठवड्यांसाठी तहकूब' असं मिळालं. मग 'कामकाज दिवसभरासाठी तहकूब'. तीन वाक्यं एकाखाली एक आल्यावर लक्षात आलं की तहकूब होतं ते सभा, सुनावणी, कामकाज असं रीतसर चाललेलं काहीतरी, आणि बहुतेक वेळा मध्येच थांबवलेलं. सहल तहकूब होत नाही, परीक्षा तहकूब होत नाही, त्या पुढे ढकलल्या जातात. कोशातल्या एका ओळीत हा फरक मला कधीच दिसला नव्हता. शिवाय 'गणपूर्ती' (सभेला लागणारी किमान उपस्थिती) हा शब्द त्याच वाक्यातून फुकट मिळाला.

आणि सगळ्यात जास्त शिकवलं ते रागावण्याच्या शब्दांनी. रोजच्या बातम्यांत कोणी ना कोणी कोणाला बोलत असतंच. न्यायालय ताशेरे ओढतं. वरिष्ठ कानउघाडणी करतात. साहेब खरडपट्टी काढतात. विरोधक धारेवर धरतात. वर्तमानपत्रं टीकेची झोड उठवतात. प्रत्येक शब्दाचं क्रियापद ठरलेलं आहे. ताशेरे कोणी करत नाही आणि कानउघाडणी कोणी ओढत नाही. कोण कोणाला बोलतंय हेही त्या शब्दातच बसलेलं असतं: कानउघाडणीत वडीलकी आहे, ज्याची केली त्याचं भलं व्हावं असा भाव आहे. ताशेऱ्यांत अधिकार आहे, आणि ते कागदावर कायमचे राहतात. हेटाळणीत नुसती तुच्छता. हे सगळं 'टीका' या एका शब्दात कोंबलं की वाक्य मुकं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शब्दाचा अर्थ पाठ केल्याने शब्द आपला होत नाही. तो दोन-चार वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो, आणि त्याच्या आजूबाजूला कोण उभं असतं ते बघावं लागतं. त्यासाठी वेगळा अभ्यास नको, जे रोज वाचतो-बघतो तेच पुरतं.

तुमचे अनुभव ऐकायला आवडतील.

कातरवेळ

फार मनापासून लिहिलंय. अपरोक्षचा किस्सा वाचून मी माझीच जुनी दोन पत्रं आठवली. मीही तो शब्द उलटाच वापरत आले.

मध्यमपदलोपी

वर्तमानपत्र वाचताना माझा आनंद वेगळा आहे, शब्द कुठून आला ते शोधण्याचा. एक जोडी सांगतो.

'नेत्यांनी बदलाचे सूतोवाच केले' असं आपण नेहमी वाचतो. पुराणांत नैमिषारण्यातल्या ऋषींना कथा सांगणारा तो सूत. कथा सुरू होताना येतं 'सूत उवाच', म्हणजे सूत म्हणाला. त्याचं झालं सूतोवाच, विषयाला तोंड फोडणं. म्हणून त्यातला सू दीर्घ. आणि अध्याय संपताना येतं 'इति श्री...', त्यावरून झाली इतिश्री. एकाच पोथीचं पहिलं पान आणि शेवटचं पान आज राजकारणाच्या बातमीत बसलेलं आहे.

अशीच नाटकातली जोडी नांदी आणि भरतवाक्य. 'ही संघर्षाची नांदी आहे' हे वाक्य बातम्यांत सतत येतं. ज्याला ठाऊक आहे की संस्कृत नाटकाआधी म्हणायची मंगल प्रार्थना म्हणजे नांदी, त्याला त्या वाक्यात पडदा वर जाताना दिसतो. भरतवाक्य, म्हणजे नाटकाच्या शेवटी येणारं मंगल वचन, मात्र आता क्वचित भेटतं.

आणि नुसतं संस्कृतच नाही. 'मसुदा' घ्या. अरबीतून फारसीमार्गे आलेला, मुळात काळेपणा दाखवणाऱ्या धातूपासून. शाईने काळा केलेला कागद म्हणजे कच्चा खर्डा. हे कळल्यापासून मसुदा हा शब्द मी विसरूच शकत नाही.

वहीतलं_पान

@मध्यमपदलोपी, सूतोवाच माझ्या वहीत आहे आणि मी ते चार वर्षं ऱ्हस्व लिहिलंय. आत्ता दुरुस्त केलं. मनापासून आभार.

निवांत_वाचक

पद्धत पटली, पण टीव्हीच्या बाबतीत मी सावध आहे. पडद्याखालच्या धावत्या पट्टीवर 'दुरावस्था', 'अनावधान', 'उहापोह' हे रोज दिसतं. बरोबर रूपं दुरवस्था, अनवधान, ऊहापोह. दुर् आणि अवस्था, मध्ये आ येणार कुठून? ऊह म्हणजे तर्काने मांडणं आणि अपोह म्हणजे तर्काने बाजूला सारणं, दोन्ही मिळून ऊहापोह. माणूस जे वारंवार बघतो तेच त्याला बरोबर वाटायला लागतं. तुमच्या अपरोक्षचंही तेच झालं ना? मग 'दोन-चार वेळा भेटू द्या' हा सल्ला अर्धाच आहे. चुकीचा शब्द दहा वेळा भेटला तर तो दहापट घट्ट बसतो.

वहीतलं_पान

हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मूळ लेखात मी तो घ्यायला हवा होता. मी आता असं करतो: शब्द ऐकतो टीव्हीवर, पण वहीत पक्का करतो तो छापील मजकुरात आणि कोशात पाहिल्यावरच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात खंड) हे दोन्ही आता जालावर शोधता येतात. दाते-कर्वेंत नुसता अर्थ नसतो, जुन्या ग्रंथांतल्या ओळीही दिलेल्या असतात, म्हणजे पुन्हा शब्दाची सोबतच.

फक्त क्रम महत्त्वाचा वाटतो. कोश आधी उघडला की डोकं थांबतं. आधी ऐका, अंदाज करा, मग ताडून बघा.

धावफलक

टीव्हीची बाजू मी घेतो. क्रिकेटच्या मराठी समालोचनाने मला जितके शब्द दिले तितके शाळेच्या कुठल्याही पुस्तकाने दिले नाहीत. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत. लहानपणी हे नुसते मंत्रासारखे म्हणायचो. पुढे कळलं की यातला 'चीत' कुस्तीतला आहे, मल्ल पाठीवर पडला की चीत होतो. कोणीतरी परक्या खेळाला आपल्या आखाड्यातला शब्द दिला आणि तो असा बसला की जोड दिसतच नाही. षटक तसंच. दशक, शतक आणि षटक, सहांचा गट. एका चेंडूफळीच्या खेळातून मी समास शिकलो.

आणि इथे एक फायदा असा की शब्द ऐकू येतो त्याच क्षणी ती घटना डोळ्यांसमोर घडते. यष्ट्या उडालेल्या दिसतात आणि कानावर 'त्रिफळा' येतं. त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कातरवेळ

+१. हवामानाच्या बातम्यांचंही असंच. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ मी 'थोडासा पाऊस' असा धरत होते. पण भारतीय हवामान विभागाच्या भाषेत तो जागांबद्दल आहे, पावसाच्या प्रमाणाबद्दल नाही. एखाद्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, तर तुरळक ठिकाणी. तीन चतुर्थांशांहून जास्त केंद्रांवर, तर बहुतांश ठिकाणी. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' या वाक्यात काहीच विसंगती नाही! इतकी वर्षं मला वाटायचं की वाचणाऱ्यांचीच काहीतरी गफलत होते.

वहीतलं_पान

हे आत्ताच वहीत गेलं, अख्ख्या वाक्यासकट.

परभाषी

माझी मातृभाषा मराठी नाही. बारा वर्षं मराठीत वावरते, लिहिताना अजून चुकते, सांभाळून घ्या. माझा प्रश्न: मला मालिका छान समजतात, पण अग्रलेख वाचायला घेतला की तिसऱ्या ओळीला अडखळते. मग प्रत्येक शब्द शोधत बसते आणि वाचनातली गोडी जाते. बातम्याही वेगात जातात. मी कुठून सुरुवात करू?

उंबरठा

@परभाषी, तुमचं मराठी खूप चांगलं आहे. मी भाषा शिकवण्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

न्यूझीलंडमधले भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी इंग्रजीच्या बाबतीत यावर पुष्कळ काम केलंय. कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा असेल तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीपासून ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी. इंग्रजी कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात आणि बोललेल्या भाषेसाठी सहा ते सात हजार, असा त्यांचा २००६ मधला अंदाज. (शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक.) मराठीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आपली भाषा प्रत्ययांची आहे. पण मालिका आणि अग्रलेख यांतलं जे अंतर तुम्हाला जाणवतं ते खरं आहे, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही.

तुमच्यासाठी हिशोब सोपा करते. तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडले तर ते पान तुमच्यासाठी योग्य. पंधरा अडले तर तेही चालेल, पण पेन्सिल हातात हवी. तीस अडले तर ते पान आज बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी घ्या. अग्रलेखाऐवजी मुलाखती, प्रवासवर्णनं, वाचकांची पत्रं यांपासून सुरुवात करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकाच विषयाच्या बातमीचा पाच-सहा दिवस पाठपुरावा करा. पूर असो, निवडणूक असो की एखादा खटला. पहिल्या दिवशी वीस शब्द अडतील, चौथ्या दिवशी पाच, कारण तेच शब्द परत परत येतात. याचिका, स्थगिती, खंडपीठ, अंतरिम आदेश. रोज नवा विषय घेतला तर रोज पहिला दिवस.

परभाषी

उंबरठाताई, खूप आभार. 'रोज पहिला दिवस' अगदी तसंच माझं चाललं होतं. उद्यापासून एकच बातमी धरते.

रानपाखरू

मी थोडा विरोधी सूर लावतो. एवढे जड शब्द शिकून करायचं काय? सोपं लिहावं, सोपं बोलावं. माझ्या आजीने आयुष्यात वर्तमानपत्र वाचलं नाही, पण तिच्याएवढी रसरशीत मराठी मी दुसऱ्या कोणाची ऐकली नाही.

वहीतलं_पान

आजींच्या मराठीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण विचार करा, आजी सोप्या शब्दांत बोलत होत्या की नेमक्या शब्दांत? मला वाटतं नेमक्या. माझ्या आईकडे नुसत्या पावसाला भुरभुर, रिपरिप, झड, सर, संततधार असे शब्द होते आणि ती एकाच्या जागी दुसरा वापरत नसे. मी मात्र सगळ्याला 'पाऊस पडतोय' म्हणतो. तेव्हा प्रगत शब्द माझ्या लेखी संस्कृतच असायला हवा असं नाही. ज्याच्या जागी दुसरा चालत नाही, तो प्रगत शब्द.

जडपणाचं म्हणाल तर तो सवयीचा भाग आहे. महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत पुढे आणले. आज ते लिहिताना कोणाची जीभ अडखळते?

रानपाखरू

झड आणि संततधार यातला फरक आजी सांगायची. पटलं. माझा विरोध मागे घेत नाही, पण त्याची जागा बदलतो: दाखवण्यासाठी शब्द नकोत.

निवांत_वाचक

याला अनुमोदन.

कोवळं_ऊन

मुलांबद्दल विचारायचं होतं. माझी मुलगी अकरा वर्षांची, मराठी छान बोलते पण वाचायला अडते. टीव्ही बघू द्यावा का यासाठी?

उंबरठा

द्यावा, पण तुम्ही शेजारी बसा आणि पडद्यावर त्याच भाषेतली अक्षरं असतील तर उत्तम. आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली हीच कल्पना मांडली: दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवायचे. गाणं पाठ असतं, डोळे आपोआप अक्षरांवर जातात, आणि वाचन सुधारतं. घरी हे सहज करता येतं. मराठी बोलण्याखाली मराठी अक्षरं ठेवा, दुसऱ्या भाषेतली ठेवली तर मूल ऐकणं सोडून तेच वाचतं.

शब्द मात्र विचारू नका. "याचा अर्थ काय सांग बरं" म्हटलं की परीक्षा सुरू होते. तुम्हीच दुसऱ्या दिवशी तो शब्द बोलण्यात आणा.

मध्यमपदलोपी

उंबरठाताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, नंतर गळती मंदावते. त्यांनी मुद्दाम निरर्थक अक्षरं पाठ केली होती. अर्थ असलेला, गोष्टीला चिकटलेला शब्द जास्त टिकतो. पण दुसऱ्या दिवशी परत भेट व्हावी हे तिथूनही निघतंच.

धावफलक

इंग्रजी शिकणाऱ्यांनाही वहीची ही रीत सांगा. पावसाला हेवी म्हणतात आणि वाऱ्याला स्ट्राँग, उलट केलं की ऐकणारा थबकतो. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा, त्यामुळे अर्थ पाठ करून हे कधीच येणार नाही. ज्या वाक्यात ऐकलं ते वाक्यच लिहावं लागतं.

कोवळं_ऊन

आठ दिवसांनी सांगायला आले. परवा आमच्याकडे वीज गेली तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "वीजपुरवठा खंडित झालाय." ती काही बोलली नाही. काल टीव्हीवर 'संपर्क खंडित' अशी पट्टी दिसली तर तिने अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मला म्हणाली, "आई, म्हणजे फोन लागत नाहीये त्यांचा." मी अर्थ सांगितलेला नव्हता. मग तिनेच विचारलं, "आमची मैत्री खंडित झाली असं म्हणतात का?" मला उत्तर देता आलं नाही. काय सांगू?

वहीतलं_पान

किती सुंदर प्रश्न विचारलाय तिने! मैत्री तुटते. तुटण्यात दुखणं आहे. खंडित होतो तो अखंड चालत असलेला प्रवाह: पुरवठा, संपर्क, सेवा, परंपरा. तिला सांगा की तिच्या दोन वाक्यांखाली जागा ठेवून एक पान सुरू कर, तिसरं वाक्य तिलाच सापडू दे.

परभाषी

माझी एका खटल्याच्या बातमीचा आज सहावा दिवस. आज दोनच शब्द अडले. त्यातला एक ताशेरे होता, आणि 'ओढले' हे क्रियापद मला आधीच माहीत होतं! दुसरा शब्द वाभाडे. 'कारभाराचे वाभाडे' एवढंच मथळ्यात आहे, पुढे क्रियापद नाही. वाभाडे करतात की ओढतात?

रानपाखरू

काढतात. वाभाडे काढतात. आजीचा शब्द.